'एकहाती' हा शब्द खटकला

लेख छान आहे पण "डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतले बालमृत्यू एकहाती कमी केले" हे वाक्य काही पटलं नाही. एकहाती कसलं, त्यांच्या पत्नी राणीताई बंग पण डॉक्टरच आहेत आणि 'सर्च' ही आरोग्यसंस्था दोघांनी मिळून १९८६ मध्ये सुरू केली, तरी राणीताईंचा उल्लेख फक्त 'पत्नीची साथ' एवढाच? १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला ग्रामीण बायकांच्या आजारांवरचा पेपर राणीताईंचाच होता, त्यात तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला होता आणि तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे गावातल्या आरोग्यदूत कुठे गेल्या लेखातून? थोडंफार शिकलेल्या बायका घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, गरज पडली तर इंजेक्शन पण द्यायच्या, त्यातून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले हे 'सर्च'च्याच १९९९ च्या पेपरमध्ये आलंय. डॉक्टरांचं खरं मोठेपण मला यातच वाटतं की आपल्या हातातलं काम त्यांनी त्या बायकांच्या हातात दिलं (किती डॉक्टर देतील?). माझी मावशी आशा सेविका आहे, ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशी ४२ दिवसांपर्यंत जाते, पावसात चिखल तुडवत, ते याच मॉडेलवरून आलंय. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं मग आमचा मोबदला तरी वेळेवर द्यायला सांग की कुणाला तरी"