कड तुटली, पुंगळी आतच

इथे अमेरिकेत गॅरेज हे गाडी सोडून बाकी सगळं ठेवायचं ठिकाण असतं. त्या पसाऱ्यात कुणाकुणाकडे जाड फळीच्या टेबलाला बोल्टने आवळलेला, लांब दांड्याचा एक प्रेस दिसेल. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी त्यावर पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर, म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणारी बुडातली टिकली, बसवायचा, तोलून दारू भरायची, वर नवी गोळी दाबायची, असा हा उद्योग. त्याला रीलोडिंग म्हणतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायचं तर परवाना लागतो, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना हे नुसतं ऐकूनच घाम फुटतो. आम्हाला घाम फुटतो तो दारूपाशी पोचायच्या कितीतरी आधी. पुंगळी मापात आणून झाली म्हणून दांडा वर घ्यावा, 'कट्' असा बारीक आवाज व्हावा आणि हात एकदम हलका पडावा. रॅम म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा दट्ट्या, त्यावरचा शेल होल्डर म्हणजे पुंगळीच्या बुडाची कड धरणारी पकड. ती पकड खाली येते, तिच्यात पितळी कडेचा एक तुकडा असतो. बाकीची पुंगळी वर डायमध्ये, म्हणजे मापात आणणाऱ्या साच्यात, मुक्कामाला.

हे होतं का, ते आधी सांगतो. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. .३०८ विंचेस्टर या काडतुसात बार उडाला की दाबाची ठरलेली कमाल मर्यादाच ६२,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पौंड, आहे. त्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या चेंबरला सगळीकडून टेकते आणि मग किंचित आकसते, म्हणून तर ती बाहेर निघते. मूळ मापावर मात्र स्वतःहून परत जात नाही. ते काम डायचं. डाय म्हणजे बाहेरून आटे पाडलेला पोलादी नळा, सात-अष्टमांश इंच व्यासाचा, इंचाला १४ आटे. हे माप बहुतेक कंपन्यांनी एकमताने ठेवलंय. शेल होल्डरच्या नंबरांवर मात्र एकमत संपतं. त्याच .३०८ साठी आरसीबीएस म्हणते ३, ली म्हणते २, हॉर्नडी म्हणते १. उलटा लिलाव.

दांडा खाली दाबला की रॅम वर जातो आणि पुंगळी डायमध्ये शिरते. प्रेसच्या तरफेत जोर इतका की कोरडी पुंगळीसुद्धा निमूट आत जाते, कारण तेव्हा अख्ख्या बुडाखाली आधार असतो. बाहेर ओढायची वेळ आली की धरायला असते फक्त कड. तिची जाडी जेमतेम १.४ मिलिमीटर, आणि शेल होल्डर एका बाजूने उघडा, म्हणजे तीही पूर्ण गोलाईत पकडलेली नाही. कोरडं पितळ पोलादावर घासलं की त्याचा थर पोलादाला चिकटायला लागतो आणि पुढचा प्रत्येक मिलिमीटर आणखी घट्ट. एवढ्या घट्ट बसलेल्या नळीला १.४ मिलिमीटरच्या कडेने ओढायचं म्हटल्यावर तुटणार कोण, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. (आमच्यात इंजिनिअरच जास्त आहेत, ही गोष्ट वेगळी.)

दहातले नऊ वेळा गुन्हेगार एकच, वंगण. ते नसतं, कमी असतं किंवा चुकीच्या जागी असतं. पुंगळीला मान असते, खांदा असतो, अंग असतं आणि बूड असतं. नवखा माणूस मानेला आणि खांद्याला छान चोपडतो, कारण बोटं तिथे सहज जातात. खरी गरज असते अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागाला, कडेच्या खाचेच्या लगेच वर. तिथे पितळ सर्वांत जाड असतं आणि डायला सगळ्यात जास्त दाबावं लागतं. खांद्यावर जास्तीचं वंगण पोचलं तर त्याला पळायला जागा नसते. द्रव काही दबत नाही, पितळ दबतं, आणि खांद्याला खळी पडते. म्हणजे कंजुषी केली तर पुंगळी अडकते आणि सढळ हात सोडला तर तिच्या खांद्याला खळ्या. खळ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. बारीक खळी पुढच्या बाराला आपोआप भरून निघते, खोलगट असेल तर ती पुंगळी भंगारात. अडकलेलीचं तसं नाही.

वंगणाच्या प्रकारांवर आमच्यात पंथ आहेत. एक पंथ लॅनोलिनचा. मेंढीच्या लोकरीतून निघणारं हे तेल एक भाग आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल बारा भाग, बाटलीत हलवायचं आणि ट्रेमध्ये उभ्या केलेल्या पुंगळ्यांवर तिरकं फवारायचं, दोन्ही बाजूंनी, म्हणजे थोडं मानेच्या आतही जातं. इथवर सगळे बरोबर करतात. पुढे अल्कोहोल उडून जाईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं असतं, आणि तिथेच माणसाची खरी जात कळते. अल्कोहोल ओलं असताना ते वंगण नसतंच, ती नुसती ओल असते. घाईने ओली पुंगळी आत घातली की ती तिथेच राहते, आणि पाच मिनिटं वाचवणाऱ्याची संध्याकाळ जाते. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं अल्कोहोलही चालत नाही, उरलेलं पाणी वाळायला कायमचं बसतं.

दुसरा पंथ डबीतल्या मेणाचा. मी याचा. दोन बोटांवर जरासं मेण घेऊन पुंगळी फिरवत पुसायची, तेवढ्यात चार-पाच पुंगळ्या होतात. बोटांना कळतं कुठे लागलं आणि कुठे राहिलं. वेळ लागतो, पण ज्यांना वेळ वाचवायचा असतो त्यांनी काडतुसं विकत आणावीत. तिसरा पंथ म्हणजे घरात असेल ते फवारणारे: गंज सोडवायचा स्प्रे, सिलिकॉन, एकदा तर ऑलिव्ह ऑइलची शिफारसही कानावर आली. असल्या पातळ तेलाचा थर त्या दाबाखाली टिकत नाही.

सगळ्यात दुर्दैवी मात्र पिस्तुलाकडून रायफलकडे वळलेला माणूस. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांच्या डायमध्ये टंगस्टन कार्बाइडची कडी असते आणि तिला वंगण लागत नाही. वर्षानुवर्षं कोरड्या पुंगळ्या सटासट काढून त्याचा हात बसलेला असतो. मग तो .२२३ रेमिंग्टनचा डाय आणतो, पोलादी, मानवाल्या पुंगळीचा, आणि त्याच आत्मविश्वासाने दांडा दाबतो. पहिल्या पुंगळीला अडकतो. रायफलचेही कार्बाइड डाय मिळतात, पण त्यांनाही वंगण लावावंच लागतं.

वंगण नीट असूनही अडकते तेव्हा पुंगळीचा पूर्वेतिहास बघावा. रेंजवर फुकट उचललेल्या लष्करी पुंगळ्यांतल्या बऱ्याच मशीनगनमधून आलेल्या असतात. तिचं चेंबर ऐसपैस, म्हणून पुंगळी बुडाशी जास्त फुगलेली, शिवाय काढताना कडेला ठोसे बसून ती वाकलेली. अशा पुंगळीला वंगण थोडं जास्त आणि डायमध्ये दोनदा, सावकाश. मातीत लोळलेल्या पुंगळ्या न धुता घातल्या तर वाळूचा एक कणही डायला ओरखडा पाडतो आणि त्या ओरखड्यात पुढचं पितळ अडकतं. आणि बर्डन पुंगळी. तिच्या बुडाला मध्यभागी एका भोकाऐवजी कडेला दोन भोकं असतात, त्यामुळे डायमधली, प्रायमर ठोकून काढणारी पिन मधल्या भरीव पितळावर आपटून वाकते. ही रचना बर्डन नावाच्या अमेरिकनाची, ती वापरतो मुख्यतः युरोप. मधल्या एका भोकाची रचना बॉक्सर नावाच्या इंग्रजाची, ती वापरते अमेरिका. एकमेकांच्या चपला घालून घरी गेलेत.

पुंगळी अडकण्याआधी सूचना देते, हे खरं आहे. रोजचा दांडा ज्या ओढीने खाली येतो त्यापेक्षा ती जड लागली की तिथल्या तिथे थांबायचं. अर्ध्यावर असतानाच हळू मागे घेतली तर बहुधा सुटते. पुसून, नीट वंगण लावून पुन्हा. वर येताना 'किर्रर्र' आवाज आला तर मानेच्या आत कोरडं आहे, डायमधल्या पिनच्या दांडीवरचा, मान आतून रुंदावणारा गोळा मान ओढतोय, तिथे नायलॉनचा ब्रश वंगणात बुडवून एकदा फिरवायचा. पण जड लागल्यावर माणूस थांबत नाही. तो उभा राहतो, पाय फाकवतो आणि दांड्यावर अंगाचा भार टाकतो.

कड तुटल्यावर सल्ले येतात. गरम करा हा पहिला. स्टीलच्या वाटीत वाटी अडकली की बाहेरून गरम पाणी आणि आत गार पाणी ओततात, ती पद्धत आठवत असते. पण तिथे दोन्ही वाट्या एकाच धातूच्या आणि आत पाणी ओतायला जागा. इथे दोन्ही एकत्रच तापतात आणि पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणजे आणखी घट्ट. फ्रीजरमध्ये ठेवा, हा दुसरा सल्ला तत्त्वतः बरोबर. बारा मिलिमीटर व्यासाची पुंगळी २५ अंशांवरून उणे १८ पर्यंत गार केली तर पोलादाच्या तुलनेत ती किती जास्त आकसते? सुमारे चार मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. मुरणारं तेल सोडून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावं, कधीकधी सुटते. न सुटली तर फ्रीजरला तेलाचा वास येतो आणि मग घरात जे बोलणं होतं त्यावर वंगण नाही. वरून पिनच्या दांडीवर हातोडा मारा, हा तिसरा. अनेक डायमध्ये ती दांडी बारीक असते, तीच वाकते, आणि आता अडकलेल्या वस्तू दोन.

उरतो ड्रिल. त्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी बघायची: पुंगळीच्या बुडात प्रायमर आहे का. पुंगळी अर्ध्यावरच अडकली असेल तर पिन तिथवर पोचलेली नसते आणि प्रायमर जागेवरच असतो. त्यावर बंदुकीच्या फायरिंग पिनची खूण नसेल तर तो जिवंत आहे, त्याला ड्रिल लावायचा नाही. मुरणारं तेल सोडून वाट बघायची, आणि नाहीच निघाली तर डाय बनवणाऱ्याकडे विचारायचं.

झाडलेला असेल किंवा नसेलच, तर पुढे जा. डायवरचा चेकनट सैल करून पिनची दांडी जमेल तितकी वर फिरवून घ्या, नाहीतर ड्रिल थेट कडक पिनवर जातो. डाय उलटा करून व्हाइसमध्ये धरा, आट्यांना लाकडाच्या दोन चिपांचा आधार देऊन. प्रायमरच्या खड्ड्यातून, बरोबर मध्यभागी, सात नंबरचा ड्रिल, म्हणजे ५.१ मिलिमीटर. बूड आरपार झालं की थांबायचं. मग आटे पाडायचा टॅप, पाव इंची, इंचाला २० आट्यांचा, तेल लावून, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू याच आट्यांचा असतो. पुण्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये एम ६ चा टॅप आणि ५ मिलिमीटरचा ड्रिल हाती लागेल, पुंगळीला त्याने काही फरक पडत नाही. आता बुडावर एक पोकळ टोपी ठेवायची, तिच्या भोकातून स्क्रू आट्यांत घालायचा आणि अ‍ॅलन की ने आवळत जायचं. टोपी डायच्या तोंडावर टेकते, स्क्रू खाली जाऊ शकत नाही, म्हणून पुंगळी वर येते. पहिले दोन फेरे अवघड, मग 'टक्' आणि सुटली. याचा तयार संच मिळतो. तो लागण्याआधी कुणी घेत नाही आणि लागल्यावर टपालाने यायला आठवडा लावतो. टोपीऐवजी पान्याचा सॉकेट, दोन वॉशर आणि एक बोल्ट इतक्यावरही भागतं, हार्डवेअरच्या दुकानात तासाभरात.

पुंगळी निघाली की डायच्या आत बॅटरी मारून बघायचं. पिवळट पट्टे दिसले तर ते चिकटलेलं पितळ. लाकडी दांडीला फडकं गुंडाळून, धातूची पॉलिश लावून घासलं की निघतं. ओरखडा असेल तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उभी रेघ उमटेल, तो डाय बदला. मग भुकटी आणि पॉलिश काढायला माणूस तो डाय सॉल्व्हंटने धुतो, कापडाने लख्ख पुसतो, तेलाचा थेंब म्हणून आत ठेवत नाही. एवढी मेहनत झाल्यावर तो डाय पुन्हा प्रेसवर चढवतो आणि रोजच्याइतकंच वंगण लावलेली पुंगळी त्या कोरड्या ठणठणीत डायमध्ये घालतो. धुतलेल्या डायमधली पहिली पुंगळी दुप्पट वंगणाची असावी लागते. ड्रिल अजून टेबलावरच असतो, तेवढं एक बरं.