पट्टी खोटं बोलती व्हय?

परवापासून डोकं फिरलंय. आमचा ट्रॅक्टर 1986 चा, हेड गॅसकेट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) गेलेलं, तासगावच्या मेस्त्रीनं वस्तीवर येऊन बसवलं आणि अंधार पडल्यावर "सकाळी स्टार्टर मारा, एकदम ओके" म्हणून बिल टेकवून गेला.

सकाळी म्हटलं आधी सगळं बघूया. सपाटीला उभाच होता, इंजिन गार. ऑइल किती आहे ते बघायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेवढ्यात बांधावर शेजारचा आबा तंबाखू मळत उगवला.

"पयल्यांदा काय खोटं बोलली व्हय ती?"

"आबा, उडालेलं ऑइल लागलेलं असतंय, म्हणून पुसून बघायचं."

"मग दुसऱ्यांदा खरं बोलली हे कुणी सांगितलं?"

याला काय बोलणार! मग त्यानं पट्टी हातातनं घेतली, ऑइल बोटावर चोळलं, वास घेतला, (चाटतोय की काय असं वाटलं, पण तोंडात तंबाखू होती) आणि म्हणाला, "दुधाळ न्हाई. पाणी मिसळलं न्हाई." हे मात्र बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आला. लगेच पुढं सुरू, "बहात्तरच्या दुष्काळात प्यायला पाणी न्हवतं, आमी कुठं रेडिएटर बघत बसलो?" आता बहात्तरला आबा दुष्काळी कामावर खडी फोडत होता हे आख्ख्या गावाला माहिताय, ट्रॅक्टर त्यानं लांबनंसुद्धा बघितला नसंल. पण वयाचा मान ठेवायचा म्हणून गप्प बसलो. आमच्याकडं गप्प बसण्यातच निम्मं आयुष्य जातंय.

रेडिएटरचं झाकण काढलं तर आत ठणठण गोपाळ! हेड काढताना पाणी सोडलं ते परत भरलंच नाही. बादली ओतली तर सगळं पाणी खालनं थेट आबाच्या चपलेवर, कारण पाणी सोडायचा खालचा कॉकसुद्धा उघडाच. तसाच चालवला असता तर नवं गॅसकेट परत गेलं असतं, वर इंजिन जाम झालं असतं ते वेगळंच.

मेस्त्रीला फोन लावला तर म्हणतो कसा, "बघितलंत ते बरं केलं, बघायचंच असतंय की." आणि बिलात शेवटची ओळ: ऑइल-पाणी चेकिंग, 200 रुपये. ते मी रात्रीच देऊन बसलोय.

काल पारावर गेलो तर आबा माणसं गोळा करून सांगतोय, "मी हुतो म्हणून इंजिन वाचलं." मला बघून थांबंल असं वाटलं. कशाचं काय, म्हणाला, "ये, चप्पल भिजलीया माझी, त्येचं बघ काय ते."