नवा मॅनेजर आला म्हणून मिरजेचं पोरगं इंग्लंडला जात नसतं

त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. जूनमध्ये इंग्लंडची ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू घ्यायचा-द्यायचा काळ, उघडते ती ऑगस्टअखेरपर्यंत चालते. यातला बराच काळ मॅच नसतात, त्यामुळे सांगली-मिरजेतल्या फुटबॉल ग्रुपांवर दोनच विषय उरतात: नवा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य कर्ता, कोण आणि तो कुणाला आणणार. चघळा की. मीही चघळतो, रात्री एकपर्यंत. पण सध्या जो मेसेज फिरतोय तो फुटबॉल ग्रुपवरून शाळेच्या पालक ग्रुपवर गेला, तिथून माझ्या बहिणीकडे, बहिणीकडून दाजींकडे. आणि दाजी उसाच्या बिलातले साडेअठरा हजार भरायला निघाले. "दादा, तू फुटबॉल बघतोस, हे खरं आहे का बघ की," असं बहिणीने विचारलं म्हणून निदान थांबले.

मेसेज थोडक्यात असा. एक, बड्या क्लबला नवा मॅनेजर मिळालाय आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याला हवे ते सहा-सात खेळाडू मिळणार. दोन, एका स्टारच्या जर्सी विकूनच सगळा खर्च वसूल होणार. तीन, दोन खेळाडू 'फ्री ट्रान्सफर'वर म्हणजे फुकटात येणार. चार, नव्या मॅनेजरचा तरुणांवर भर आहे, म्हणून क्लब यंदा भारतातून १३ ते १७ वयाची मुलं थेट करारावर घेणार. पश्चिम महाराष्ट्राची निवड चाचणी लवकरच, नोंदणी साडेअठरा हजार, जागा मर्यादित. पाच, तिकडच्या क्लबांचे मालक आता भारतीय आहेत, त्यामुळे आपल्या पोरांना दार उघडलंय.

क्लबचं नाव मुद्दाम देत नाही. हाच मजकूर दुसऱ्या क्लबच्या नावाने पूर्वीही वाचलाय. मॅनेजर बदलला की नाव बदलतं, नोंदणीची ओळ जागची हलत नाही.

चौथ्यापासून सुरू करतो, कारण पैसे तिथे जातात. पहिले तीन मुद्दे आपल्यासारखे फॅनच रोज बोलतात, म्हणून त्यांच्या रांगेत उभा केलेला चौथाही ओळखीचा वाटतो. आमच्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालली ती मिडफिल्डर कोण येणार याची. चौथा मुद्दा कुणी वाचलाच नाही, नुसता पुढे ढकलला.

फिफाची खेळाडूंच्या नोंदणीची आणि ट्रान्सफरची नियमावली आहे. कुणालाही वाचता येते. तिचं कलम १९ लहान मुलांविषयी आहे आणि सुरुवातीलाच सांगतं की एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर व्हायला खेळाडूचं वय १८ च्या वर हवं. अपवाद मोजके. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. युरोपीय संघाच्या आतल्या आत १६ ते १८ वयाचा मुलगा एका देशातून दुसऱ्या देशात जात असेल तर. किंवा मुलाचं घर आणि शेजारच्या देशातला क्लब, दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर. मिरजेपासून पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर लागतं. निर्वासित मुलं आणि शिकायला गेलेले विद्यार्थी यांच्यासाठीही कडक अटींचे अपवाद आहेत, पण त्यातून बड्या क्लबचा करार मिळत नाही.

इंग्लंडचं तर अजून अवघड. १ जानेवारी २०२१ पासून, ब्रेक्झिटमुळे, युरोपीय संघाचा तो अपवादही ब्रिटिश क्लबांच्या हातून गेला. आज मँचेस्टर, लिव्हरपूल, लंडनच्या क्लबांना जर्मनीतला सतरा वर्षांचा पोरगासुद्धा आणता येत नाही. आणि हे म्हणे तेरा वर्षांचा मिरजेहून नेणार.

दाजींचं यावर म्हणणं, "नियम असतात रे, मोठे लोक सांभाळून घेतात." नाही घेत. बार्सिलोनाहून मोठा क्लब कुठला काढायचा? परदेशी अल्पवयीन मुलांच्या नोंदणीत नियम मोडले म्हणून फिफाने २०१४ मध्ये त्यांच्यावर दोन विंडोंची, म्हणजे तेवढा काळ नवे खेळाडू नोंदवायची, बंदी घातली. २०१५ च्या उन्हाळ्यात त्यांनी आर्दा तुरान आणि अलेश विदालला घेतलं, पण पैसे मोजूनही दोघांना जानेवारी २०१६ पर्यंत सामन्यात उतरवता आलं नाही.

चेल्सीचा किस्सा तर या मेसेजवर तोंडात मारल्यासारखा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच कारणासाठी, म्हणजे परदेशी अल्पवयीन मुलांसाठी, त्यांच्यावर दोन विंडोंची बंदी आली. त्या जुलैत नवा मॅनेजर आला, फ्रँक लॅम्पार्ड. नवा मॅनेजर, मोठा क्लब, ऐन उन्हाळा, आणि बाहेरचा एकही नवा खेळाडू विकत घेता येईना. पुलिसिच आला तो जानेवारीतच घेऊन ठेवलेला होता. कोवाचिच आधीपासून लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून उसना, तिथंच होता, त्याला कायम केलं. मग लॅम्पार्डने माऊंट, अब्राहम, टोमोरी ही घरची पोरं खेळवली आणि क्लब लीगमध्ये चौथा आला. डिसेंबरमध्ये क्रीडा लवादाने शिक्षा अर्ध्यावर आणली, तोवर उन्हाळा गेलेला होता. तर नव्या मॅनेजरचा तरुणांवर भर असू शकतो, पण ते तरुण क्लबच्या अकादमीत लहानपणापासून वाढलेले असतात. ते निवड चाचणीच्या पावतीवर येत नाहीत.

बरं, पोरगा अठराचा झाला की प्रश्न मिटला का? सुनील छेत्रीला विचारा. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला होता. ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात नव्हता. भारताच्या संघातला खेळाडू, सही झालेला करार, आणि तरी घरी. आता गुणांची पद्धत आहे, पण तीही देशाची क्रमवारी, देशासाठी खेळलेले सामने आणि आधीच्या लीगचा दर्जा बघूनच गुण देते. आपण आजही शंभराच्या बाहेर आहोत.

मेसेजसोबत लाल जर्सीतल्या मुलांचा फोटो आहे आणि खाली 'महाराष्ट्राची मुलं युरोपात' असं लिहिलंय. इथे मला नाइलाजाने अर्धं मान्य करावं लागतं. महाराष्ट्र शासन आणि बायर्न म्युनिक यांच्यात समझोता झाला होता. त्यातून २०२३ मध्ये शालेय मुलांची स्पर्धा झाली आणि निवडलेली मुलं सरावासाठी म्युनिकला गेली. हे खरं. पण ती गेली शाळा आणि क्रीडा विभागामार्फत, सराव केला, परत आली. कुणाची ट्रान्सफर झाली नाही, होणारही नव्हती. सराव वेगळा, क्लबच्या नावावर नोंदणी वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक चांगला ठाऊक असावा, नाहीतर फोटो इतका नेमका सापडला नसता.

आणखी एक. मोठ्या क्लबांच्या नावाने पैसे घेऊन चालणारी सराव शिबिरं खरोखर असतात, भारतातही होतात. ऐपत असेल तर पोराला जरूर पाठवा, चार गोष्टी शिकेल. पण तिथं तुम्ही शिकवणीची फी भरता. ज्याला पोरगा हवा आहे तो स्वतःच्या खर्चाने बघायला येतो.

पाचवा मुद्दा, भारतीय मालक. आपल्याकडे कोंबडीपालन करणाऱ्याला वेंकीज हे नाव सांगावं लागत नाही. त्या पुण्याच्या समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब घेतला. डिसेंबरात मॅनेजर सॅम ॲलरडाइसला काढलं, त्याच्या जागी स्टीव्ह कीनला आणलं, आणि २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमधून, खाली गेला. मालक पुण्याचे, मॅनेजर नवा, निकाल हा. आपल्या पोरांना दार? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढच्या वर्षी ब्लॅकबर्नला काही काळ सराव करून आला. म्हणजे विश्वचषक खेळलेल्या मुलाला भारतीय मालकाच्या क्लबात सराव मिळाला. पुढे तो खेळला भारतातच. आणि तो वर आला तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून, मेसेजमधल्या लिंकवरून नाही.

आता पहिला मुद्दा, ज्यावर आमच्या ग्रुपवर भांडणं झाली. लिव्हरपूलचा जुना मॅनेजर क्लॉप गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच्या जागी आर्ने स्लॉट आला. त्या उन्हाळ्यात संघात नवा कोण आला? एकटा किएझा. गोलकीपर मामार्दाश्विली घेतला तो पुढच्या वर्षासाठी. आणि स्लॉट पहिल्याच मोसमात लीग जिंकला. पुढच्या उन्हाळ्यात ४० कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला, एकट्या इसाक या स्ट्रायकरसाठी ब्रिटिश विक्रमाचे १२.५ कोटी मोजले, आणि सप्टेंबरअखेरपासून पराभवांची रांग लागली. शिवाय आता बहुतेक मोठ्या क्लबांत खरेदी मॅनेजर नाही, स्पोर्टिंग डायरेक्टर नावाचा वेगळा अधिकारी बघतो. स्लॉटचं पदच मुळी मॅनेजर नव्हतं, मुख्य प्रशिक्षक होतं. मॅनेजरच्या पसंतीने खेळाडू येतातच नाहीत असंही नाही. टेन हाग २०२२ मध्ये मँचेस्टर युनायटेडला मॅनेजर म्हणून आला आणि त्याच्या जुन्या आयाक्स क्लबमधून ॲंटनी आठ कोटी पौंडांच्या आसपास आला. तीन वर्षांनी ॲंटनी स्पेनच्या बेटिस क्लबला गेला तेव्हा त्या रकमेचा चौथा हिस्सा हाती लागला. बोली लागली म्हणजे भाव बरोबर होता असं नाही, हे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

जर्सीचं एवढंच: जर्सी बनवणारी कंपनी क्लबला ठरलेली रक्कम देते. ॲडिडास युनायटेडला दहा वर्षांचे किमान ९० कोटी पौंड देते, खेळाडू कुणीही असो. विकल्या गेलेल्या एकेका जर्सीतून क्लबच्या वाट्याला थोडंच येतं. सांगलीत आपण ज्या तीनशे रुपयांच्या घालून फिरतो त्यातलं तर काहीच येत नाही.

'फ्री ट्रान्सफर' म्हणजे जुन्या क्लबला पैसे द्यावे लागत नाहीत, कारण करार संपलेला असतो. १९९५ च्या बोसमन या खेळाडूच्या कोर्ट निकालापासून युरोपात हे चाललंय. खेळाडूला सहीचे पैसे, एजंटचा वाटा आणि तगडा पगार द्यावाच लागतो.

पोरग्यात दम असेल तर रस्ता कंटाळवाणा आहे: शाळेची आंतरशालेय स्पर्धा, जिल्हा संघ, क्रीडा प्रबोधिनीची निवड, एआयएफएफची, म्हणजे भारतीय फुटबॉल फेडरेशनची, मान्यता असलेली अकादमी. मान्यतेची यादी फेडरेशनच्या साइटवर असते, नाव तपासायला दोन मिनिटं लागतात. आर्सेनलचे जुने मॅनेजर वेंगर २०२३ मध्ये खरोखर भारतात आले होते, फिफा आणि एआयएफएफच्या अकादमीसाठी. ती भुवनेश्वरला आहे. साडेअठरा हजारांत मर्यादित जागा विकायला ते आले नव्हते.

ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी लाजत बसू नये. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मेसेज, नंबर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक काहीही डिलीट करू नका. पोराचं आधार कार्ड आणि जन्मदाखला पाठवला असेल तर तेही तक्रारीत लिहा, कारण त्या मेसेजमध्ये पैशांच्या आधी तेच मागितलंय.