उरलेली गाणी वाटायची असतील तर

तुम्ही गीतकार आहात, गोरेगावात राहता आणि घरात वीस-पंचवीस गाणी पडून आहेत. त्यातली काही शीर्षकगीतं म्हणून लिहिली होती, पण मालिकाच गुंडाळली गेली. काही एका निर्मात्याने 'राहू दे माझ्याकडे' म्हणून ठेवून घेतली आणि आता त्याला तुमचं नावही आठवत नाही. बाकीची कुणी मागितलीच नाहीत. अशा वेळी हातपाय गाळू नका. थोर लोक करतात तेच करा : ती गाणी दुसऱ्या गायकांना उदार मनाने देऊन टाका.

फक्त त्याआधी प्रसिद्ध व्हा. ही अट बरेच जण विसरतात. प्रसिद्ध नसताना गाणं द्यायला गेलात, तर वॉचमन वहीत नाव-नंबर लिहायला लावतो आणि वर गेल्यावर 'डेमो मेल करा' असं सांगतात.

प्रसिद्ध झालात असं धरून पुढे जाऊ. द्यायचं गाणं आपलं सर्वोत्तम असू नये. १९६३ साली बीटल्स या बँडचे लेनन आणि मॅकार्टनी लंडनमध्ये रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडच्या तालमीला गेले, 'आय वॉना बी युअर मॅन' हे अर्धवट गाणं कोपऱ्यात बसून तिथल्या तिथे पुरं केलं आणि त्या पोरांच्या हातावर ठेवलं. पोरं थक्क झाली. पुढे लेननने मुलाखतीत सांगून टाकलं की, चांगलं गाणं काही आम्ही त्यांना देणार नव्हतो. बीटल्सनी तेच गाणं स्वतः केलं तेव्हा गायला ड्रम वाजवणाऱ्या रिंगोला उभं केलं, यावरून घरात त्याची काय किंमत होती ते ओळखा. 'अ वर्ल्ड विदाउट लव्ह'ची गोष्ट तर अगदी आपल्याकडे शोभावी अशी. मॅकार्टनीने ते विशीच्या आत लिहिलेलं, पहिली ओळ ऐकूनच लेननला हसू फुटायचं, म्हणून बीटल्सनी घेतलं नाही. मग मॅकार्टनीने ते दिलं कुणाला? प्रेयसीच्या भावाला. त्याच्या पीटर अँड गॉर्डन या जोडीने ते गायलं आणि १९६४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा होऊ घातलेला मेव्हणा गातो म्हणाला, तर नाक मुरडू नका. आहेराचा खर्च वाचतो.

गुप्तदान कसं करावं, हे अमेरिकन गायक प्रिन्सकडून शिकावं. 'मॅनिक मंडे' त्याने बँगल्स या मुलींच्या बँडला दिलं आणि गीतकार म्हणून नाव घातलं 'ख्रिस्तोफर'. १९८६ साली ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि तिथेच अडलं, कारण पहिल्यावर 'किस' होतं. ते कुणाचं? प्रिन्सचंच. असं दान कुणाला करवणार नाही!

तुम्हाला मात्र टोपणनाव घ्यायची गरज पडणार नाही. यूट्यूबवर गाण्याखाली गायक, निर्माता, सहनिर्माता, ड्रोनवाले, मेकअप, बोट देणारे कोळीवाड्यातले काका आणि 'विशेष आभार' या सदरात दोन नगरसेवक, एवढी मंडळी मावल्यावर गीतकार आपोआपच गुप्त राहतो.

प्रत्यक्ष देवाणघेवाण वर्सोव्याला आराम नगरच्या आसपास एखाद्या कॅफेत करावी. गायक टोपी घालून येईल आणि एकाच कानात इअरफोन घालून तुमचं गाणं ऐकेल. "दादा, मुखडा कडक आहे." तुम्ही सुखावाल. "फक्त अंतऱ्याला येईपर्यंत रील संपतं." "मग?" "अंतरा काढू या ना." अंतरा लिहायला तुम्हाला महिना लागला होता, हे इथे बोलायचं नसतं. मानधनाचा विषय काढलात, तर बजेट सगळं व्हिडिओत गेल्याचं कळेल. तुम्हाला एक्स्पोजर मिळेल. कॉफीचे पैसे तुम्ही द्याल, कारण दादा तुम्ही आहात.

तरीही गाणं खपत नसेल, तर फेरफार करा. इथे आपल्या भाषेने गीतकाराची जी सोय करून ठेवली आहे, तिला तोड नाही. समजा, ठेका धरणारं एक गाणं तुम्ही लिहिलंय आणि धृपदात 'राया' आहे. श्रावण लागला की 'राया' खोडून तिथे 'बाप्पा' घाला. दोन्ही अक्षरं गुरू, मात्रा चार, गाणं कुठे अडखळत नाही. लालबाग-परळकडची मंडळं दरवर्षी आपापल्या राजासाठी नवं गाणं शोधतच असतात. विसर्जन आटोपलं की 'बाप्पा' जाऊन 'आई' येते आणि नवरात्र निघून जाते. मग महापालिकेची निवडणूक लागते. उमेदवार पाहून 'दादा', 'भाऊ', 'ताई' किंवा 'भाई' बसवा. वेळ थोडा असला की जुन्या ओळी तशाच राहून जातात आणि प्रचाराचा टेम्पो 'भाऊ तुझ्या डोळ्यांत जादू' असं ओरडत अख्ख्या वॉर्डात फिरतो. भाऊ खूश होतो. हे पैसे देतात बरं का, तेही रोख, फक्त मतदानाच्या आधी मागून घ्यावेत. निकालानंतर हरलेला फोन उचलत नाही आणि जिंकलेल्याचा पीए उचलतो.

करारावर सही करताना तो वाचू नका. 'सर्व हक्क, आज अस्तित्वात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी' असलं काही त्यात असतं आणि ते वाचून माणूस उगाच मंगळावरच्या रॉयल्टीचा हिशेब मांडत बसतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हा जावेद अख्तर राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय चांगलाच लावून धरला होता. त्या दुरुस्तीनुसार गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला बरोबरीचा वाटा सोडून देताच येत नाही. वारस आणि कॉपीराइट संस्था सोडल्या, तर तो दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही. म्हणजे सही केलीत तरी तो वाटा तुमचाच. पण हे कॅफेत सांगू नका, गायकाचा चेहरा उतरतो आणि 'दादा आधी असे नव्हते' अशी बोलवा होते. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व तर मुळीच घेऊ नका. घेतलंत आणि खात्यात खरोखरच पैसे यायला लागले, तर तुमच्या उदारपणाला काय अर्थ राहिला?

गाणं कुणीच घेत नसेल, तर स्वतः गाण्याचा एक मार्ग उरतो. पॉप गायिका आणि गीतकार सियाने तो धरला. अडेल, रिहाना अशा बड्या गायिकांसाठी लिहिलेली आणि साभार परत आलेली गाणी जमवून तिने २०१६ मध्ये 'धिस इज अॅक्टिंग' हा अल्बम काढला. रिहानाकडून राहिलेलं 'चीप थ्रिल्स' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच रिहानाचं 'अंब्रेला' आधी ब्रिटनी स्पीअर्ससाठी होतं, तिकडून नकार आला म्हणून ते हिच्याकडे आलं. एकूण काय, सगळ्यांचं सगळ्यांकडे फिरतं. फक्त तुम्ही गाता कसे, हे आधी बायकोला विचारा.

शेवटचा आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मरणे. मदनमोहन १९७५ साली गेले. न वापरलेल्या त्यांच्या चाली मुलाने, संजीव कोहलींनी, टेपवर जपून ठेवल्या होत्या. त्या यश चोप्रांच्या कानावर गेल्या, जावेद अख्तरांनी त्यांवर शब्द लिहिले, लताबाई गायल्या आणि २००४ च्या 'वीर-झारा'ने देश डोलला. मध्ये एकोणतीस वर्षं गेली, पण या प्रकारात देणाऱ्याला काही घाई नसते.

तेव्हा आत्तापासून तयारीला लागा. मुलाला हिंजवडीच्या आयटीतून काढून सिनेमाच्या धंद्यात घाला. टेप तुमच्याकडे नाहीत, फोनमधल्या रेकॉर्डिंग आहेत, अर्ध्यांत मागे कुकरची शिट्टी आहे आणि सगळ्या फाइलींची नावं 'फायनल', 'नवीन फायनल' आणि 'फायनल हेच' अशी आहेत. मुलाला बसवून त्यातली खरी कुठली ते एकदा समजावून सांगा. तोही मन लावून ऐकेल आणि म्हणेल, "बाबा, तुमचा फोन हँग होत होता ना, म्हणून गेल्या रविवारी मी ते सगळं उडवलं. आता बघा, कसा मस्त चालतोय."