प्रीफेच रिकामे केल्याने विंडोज वेगवान होत नाही
जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या एका संदेशात विंडोजचा प्रीफेच फोल्डर रोज रिकामा करण्याचा सल्ला दिला आहे. तो चुकीचा आहे. प्रोग्राम सुरू होताना कोणत्या फाइली लागतात, याची नोंद विंडोज एक्सपीपासून (२००१) या फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि जुन्या नोंदी विंडोज स्वतःच काढते, त्यामुळे त्या पुसल्यास प्रोग्राम पुढच्या वेळी उलट सावकाश उघडण्याचीच शक्यता असते. संगणक चालू होताच रेंगाळत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मधील नको असलेले प्रोग्राम ‘डिसेबल’ करावेत. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नये. भुसावळच्या उन्हाळ्यात दुपारीच वेग मंदावत असेल, तर आधी संगणक बंद करून पंख्यावरची धूळ झाडावी, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो.