‘बॅटरी बदला, विषय संपला’ म्हणणाऱ्या भाऊंना

थंडीत सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) जड फिरणाऱ्या जुन्या मिनी ट्रॅक्टरवर मी मागे लिहिलं होतं, त्याखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आलीये. नाव दिलेलं नाही, म्हणून ‘भाऊ’ म्हणतो. भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं: मी ‘गुगल मास्तर’ आहे. मीटर लावत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. ‘बॅटरी बदला, विषय संपला.’ हीटर प्लग (थंडीत सिलिंडरमधली हवा तापवणारे) बॅटरी खातात, त्यापेक्षा एअर फिल्टरशी पेट्रोलचा बोळा धरला की इंजिन उठतं. ऑइल सगळे २०डब्ल्यू-४० टाकतात. आणि केबलची जाडी मी चुकीची लिहिली, ‘एवढंही कळत नाही तर लिहिता कशाला?’

केबलचं बरोबर आहे. ‘२५ मिमी’ लिहिलं गेलं, हवं होतं २५ चौरस मिमी. २५ मिमी जाडीची केबल म्हणजे पाण्याचा पाइप झाला. दुरुस्त केलं, आभार. पण चूक दाखवायला एक ओळ पुरते, त्यासाठी माणसाची लायकी काढावी लागत नाही. एकोणीस वर्षं पिंपळगाव-निफाड पट्ट्यातले द्राक्षबागेतले ट्रॅक्टर उघडतोय. गुगल तेव्हा आमच्याकडे पोचलंही नव्हतं. असो.

आता ते सोनेरी वाक्य. बॅटरी बदला, विषय संपला. इतकं सोपं असतं तर निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा चार-पाचावर उतरला की पहाटे फवारणीला निघालेल्या निम्म्या गाड्या ढकलस्टार्ट का असतात?

डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल सोडायचं, एवढ्यावर सगळं चालतं. पिस्टन झपकन वर आला तर हवा तापते. रेंगाळत आला तर तेवढ्या वेळात ती उष्णता सिलिंडरच्या गार भिंती ओढून घेतात आणि दाब रिंगांच्या कडेने निसटतो. बागेतल्या जुन्या तीन सिलिंडरच्या इंजिनांत डिझेल आधी छोट्या प्री-चेंबरमध्ये जातं. तिथे गार लोखंड आणखी जास्त. म्हणून फेरे महत्त्वाचे. मिनिटाला दोनशेच्या आसपास फिरलं तर उठतं, शंभरावर आलं की नुसतं कण्हतं. हे मोजायला काही विकत आणायला नको. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि ठोके मोजा. तीन सिलिंडरला दोनशे फेरे म्हणजे सेकंदाला पाच ठोके. अडीच आले तर फेरे शंभर.

फेरे कमी आहेत हे कळलं. का कमी आहेत, ते बॅटरीकडे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी साधा डिजिटल मीटर लागतो, ज्याला भाऊ रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात. पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर मोजायचं. दुपारच्या उन्हातलं माप फसवं निघतं. गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजार फिरवणारा दांडा) बंद, क्लच दाबलेला. स्टॉपची नॉब ओढून धरायची, म्हणजे इंजिन पेटणार नाही. सेल्फ पाच सेकंद मारायचा आणि तेवढ्यात वाचायचं. पुन्हा मारण्याआधी निदान अर्धा मिनिट थांबायचं.

पहिलं माप बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर. वरच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंट्यांवर. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ दिसलं तर बॅटरी निम्मी रिकामी आहे, आधी चार्ज करा, मगच पुढचं. सेल्फ मारताना आकडा दहाच्या वर राहिला तर बॅटरी आपलं काम करतेय. साडेनऊच्या खाली गेला तर एक तर बॅटरी थकली, नाहीतर सेल्फ जास्त करंट ओढतोय.

दुसरं माप सेल्फच्या जाड नटावर, मीटरची काळी पिन सेल्फच्या बॉडीवर. बॅटरीवर ११.२ आणि इथे ८.३ असं दिसलं तर? २.९ व्होल्ट वाटेत गेले. तुम्ही सोन्याची बॅटरी आणून बसवली तरी ते जाणारच. २५ चौरस मिमीच्या मीटरभर तांब्याच्या केबलमध्ये २०० अँपिअरला जेमतेम ०.१५ व्होल्ट जायला हवा. जास्तीचा सगळा जातो सांध्यांत.

कोणत्या सांध्यात, ते शोधायला एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरी सेल्फच्या नटावर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग एक पिन मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. तिथे ०.२, फार तर ०.३. वर गेलं की एक एक सांधा अलीकडे सरकत या: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते लग (केबलच्या टोकाची भोकाची पट्टी), लग ते चासी, चासी ते इंजिन. ज्या सांध्यावर आकडा उडी मारतो तो तुमचा चोर. मीटर नसेल तर दहा सेकंद सेल्फ मारून हात फिरवा. गरम लागेल तिथेच खोट आहे. दोनशे अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे शंभर वॅट त्या एका सांध्यात जळतायत.

आणि द्राक्षबागेतल्या गाडीत तो चोर बहुतेक वेळा अर्थिंगला, म्हणजे मायनसची केबल चासीला लागते तिथे, सापडतो. कारण साधं आहे. मोरचूद आणि गंधक फवारून फवारून पट्टीच्या बोल्टवर हिरवा-पांढरा थर बसतो. तांब्याचे क्षार आणि ओल मिळून लोखंड आतून खातात. बाहेरून बोल्ट घट्ट दिसतो, पाना लावला तर हलतही नाही, पण पट्टी आणि चासीमध्ये गंजाचा पापुद्रा असतो. तिथेच मागच्या वेळी कुणी तरी रंग मारलेला असला तर बघायलाच नको. उघडा. लगची दोन्ही तोंडं आणि चासीचा डाग पॉलिश पेपरने लख्ख लोखंड दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून व्हॅसलिन. व्हॅसलिन आधी नाही, आवळल्यावर. लगजवळ केबलचं रबर फुगलेलं असेल तर चिरून बघा. आत तांबं काळं-हिरवं पडून भुसा झालेलं असेल तर घासून उपयोग नाही, केबल बदला. शक्य असेल तर मायनसची केबल चासीला न लावता थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर न्या. दोन सांधे कायमचे कमी होतात.

मग नवी बॅटरी टाकल्यावर गाडी उठते कशी? उठते, कारण नव्या बॅटरीच्या आत अडथळा कमी असतो, ती खराब सांध्यातूनही थोडा जास्त करंट रेटते. एक हिवाळा निघतो. भाऊ, तुमच्याच प्रतिक्रियेच्या शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय, ‘दुसऱ्या वर्षी थोडं जड जातं, पण चालतं.’ हे थोडं जड कशाने, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही. मला पडतो, म्हणून मी मीटर लावतो.

बॅटरी कधीच बदलायची नसते असं मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवली आणि सकाळी १२.४ च्या खाली आली, किंवा एका सेलचं ॲसिड बाकीच्यांपेक्षा हायड्रोमीटरवर ०.०५० ने हलकं निघालं, तर बदला. पण आधी चालू इंजिनवर चार्जिंग १३.८ ते १४.४ आहे का आणि पंख्याचा बेल्ट ढिला आहे का ते बघा, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल. आणि चांगली चार्ज बॅटरी लावूनही आकडा आठावर कोसळत असेल तर सेल्फ खाली उतरवा. बुश झिजून आर्मेचर (सेल्फचा आतला फिरता भाग) बाजूच्या पोलला घासत असतं, घासल्याची चकाकी डोळ्यांनी दिसते. करंट मोजायचा असेल तर डीसी क्लॅम्प मीटर लागतो. वायरमनकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी वाचतो, त्यावर शून्य दिसेल.

हीटर प्लग बॅटरी खातात म्हणे. हिशेब करू. तीन प्लग मिळून ३० अँपिअर धरा, वीस सेकंद तापवले, ०.१७ अँपिअर-तास गेले. सेल्फ २०० अँपिअरने फक्त दहा सेकंद जास्त मारला, ०.५६ गेले. कोण खातं? उलट एक प्लग मेलेला असला की सेल्फ लांबत जातो, बॅटरी दोन वर्षांत बसते आणि नाव तिचं खराब होतं. गाडी दोन सिलिंडरवर लडखडत उठून पांढरा धूर टाकत असेल तर प्लग तपासा. तपासताना वरची जोडपट्टी आधी काढा, नाहीतर मेलेल्या प्लगवरही मीटर शेजारच्याचं माप दाखवतो. साधारण एक ओहमच्या आसपास दिसलं तर जिवंत, काहीच नाही दिसलं तर मेला. नवा घेताना जुन्यावर कोरलेला व्होल्टेज वाचून घ्या. कमी व्होल्टचा प्लग थेट बारा व्होल्टवर लावला तर पहिल्याच थंडीत वितळतो.

पेट्रोलच्या बोळ्यावर मात्र हसून सोडता येत नाही. हीटर तापलेला असताना पेट्रोलची वाफ आत गेली तर पिस्टन वर पोचायच्या आत ती पेटते. रिंगांच्या कडा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि बोळा धरणाऱ्याचा हात एअर फिल्टरच्या तोंडाशीच असतो. हे दुसऱ्याला शिकवू नका.

ऑइलवर भांडायची इच्छा नाही. पाच अंशाला १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू यांत फरक आहे (डब्ल्यूआधीचा आकडा लहान तितकं ऑइल थंडीत पातळ), पण गंजलेल्या अर्थिंगएवढा नाही. सिंगल ग्रेड ४० टाकणाऱ्यांनी मात्र टाकू नये.

भाऊ, उद्या पहाटे तुमच्या गाडीवर चार आकडे घ्या: उभ्या गाडीत खुंट्यांवर, सेल्फ मारताना खुंट्यांवर, सेल्फच्या नटावर, आणि मायनस खुंटी ते ब्लॉक. इथे लिहा. बॅटरीच खराब निघाली तर लेखात वर तुमच्या नावानिशी तसं लिहीन. त्यासाठी नाव तेवढं द्या.