ताई, पाणी कोण घालणार?

पुणे-सोलापूर रस्त्याने थेऊरला जायला माझी कधीच हरकत नसते. चिंतामणीपुढे हात जोडले की बरं वाटतं. गोची होते ती परतीच्या वाटेवर. हडपसर ते उरळी कांचन या पट्ट्यात रोपवाटिकांच्या पाट्या इतक्या, की चिंतामुक्त झालेला नवरा हमरस्त्याला लागेस्तोवर पुन्हा चिंतेत.

साधी नर्सरी मी निभावून नेतो. मोगरा घ्या, जास्वंद घ्या, शेणखताचं पोतं डिकीत टाका, पन्नास रुपये कमी करायला लावा, चला घरी. पण हिला कुणीतरी फक्त कॅक्टस आणि सक्युलंट, म्हणजे पानाखोडांत पाणी साठवणारी झाडं, वाढवणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. तिथे धड बोर्डही नाही. ज्याला यायचं तो येतोच, अशी मालकांची श्रद्धा. आणि रोपं विचारलीत तर उत्तर एकच: आधी बाग बघा.

बाग म्हणजे रेती, दगड आणि जागोजागी अंग फुगवून बसलेले गोल्डन बॅरल कॅक्टस. मूळचे मेक्सिकोचे.

"याला फुलं येतात?"

"येतात की. पंधरा-वीस वर्षं थांबायचं."

पुढे घायपात. ही आयुष्यात एकदाच फुलते, वीस-पंचवीस फुटांचा दांडा काढते आणि मरते. किती वर्षांनी, तर 10 ते 30.

"म्हणजे आपलं कर्ज फिटेल तेव्हा," ही म्हणाली. तेव्हा नेमकं कोण मरणार, हे तिने स्पष्ट केलं नाही.

आपल्यालाही काही कळतं हे दाखवावं म्हणून मी त्रिधारीकडे बोट केलं. "हा निवडुंग आमच्या गावी कुंपणाला असतो." मालकांनी खिशातून भिंग काढलं. काटे आहेत म्हणून कॅक्टस होत नाही, साहेब! त्रिधारी मोडला की पांढरा चीक गळतो, तो युफोर्बिया, कुळच वेगळं. आणि डोंगरावरचा फड्या निवडुंग, जो आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलाच समजतो, तो खरा कॅक्टस, पण अमेरिकेतून आलेला. मग त्यांनी एका कॅक्टसवर भिंग धरलं. राखाडी लवेची इवलीशी टिकली आणि तिच्यातून चहूबाजूंना फुटलेले काटे. ही टिकली दिसली तरच कॅक्टस म्हणायचं. मी नाक जरा जास्तच पुढे नेलं, त्यामुळे काट्यांबद्दलही शंका उरली नाही.

शेवटी विक्रीची शेड. बागेतल्या त्या धिप्पाड मंडळींची पिल्लं इथे अंगठ्याएवढ्या कुंड्यांत बसलेली, आणि किमती मात्र वडिलांच्या मापाच्या. हिने एक उचललं. आणि मालक, मुलगी द्यायची असावी तसे, चौकशीला बसले. बाल्कनी कुठल्या दिशेला? सकाळचं ऊन किती वेळ? माती कसली वापरता? "बागेतली" म्हटल्यावर त्यांनी डोळेच मिटले. निम्म्याहून जास्त खडी-रेती हवी, पाणी उभं राहिलं की मुळं कुजलीच. कॅक्टस उपासाने मरत नाही, लाडाने मरतो.

"ताई, पाणी कोण घालणार?"

हिने माझ्याकडे बघितलं. मालकांनीही बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि कुंडी हळूच परत फळीवर ठेवली.

बरीच मनधरणी झाली तेव्हा कुठे रोप मिळालं. बिलाच्या मागे त्यांनी स्वतःच्या अक्षरात अट घातली आणि खाली माझी सही घेतली: साहेबांनी कुंडीला हात लावू नये.